रेघ खाणारा सर्जेराव

सर्जा, तीन आठवड्यांमागं तुझ्या तेराव्याला तुला वैमानिक करून टाकलं. साताऱ्याकडं तुझ्या गावी देवळापुढं मांडव घातला होता, खंडाळ्याहून कुणी पुढारी आले होते. त्यांनी माईक हातात धरला आणि सांगितलं, की या मातीच्या सुपुत्रानं ढगांशी दोस्ती केली आणि शत्रूची विमानं पिटाळून लावली. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो. हसू आवरेना म्हणून खोकल्याचं सोंग केलं. पंधरा वर्षं हवाईदलात राहून तू विमानांच्या चाकांत हवा भरलीस, नटबोल्ट आवळलेस आणि साहेबलोकांच्या शिव्या खाल्ल्यास. उडालास तो दोनदा, तेही मालवाहू विमानात, पोत्यांच्या मधे खाली बसून, आणि दोन्ही वेळा ओकलास. हे तूच मला सांगितलं होतंस. मांडवात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं, आणि वहिनी पदर ओढून खाली मान घालून बसल्या होत्या.

मला कुणी बोलायला उठवलं नाही ते बरंच झालं. उठलो असतो तर एवढंच सांगितलं असतं, की हा माणूस सात वर्षं प्रवासी विमानाच्या प्रतिकृती करत होता आणि सात वर्षांत याला एकदाही रेघेपर्यंत सरळ घासता आलं नाही. तू होतास तेव्हा मी हे तुझ्या तोंडावर बोललो. आता पाठीमागं गोड बोलायला लागलो तर तूच मला ढोंगी म्हणशील. तेव्हा हे पत्र म्हण, नाहीतर राहिलेलं भांडण म्हण. मी लिहितोय ते तुला ऐकवायला, लोकांना नाही.

तू पहिल्यांदा आलास तो कामाला म्हणून. साखर कारखान्यात तू फिटर होतास, तिथल्या पंपाचं झाकण फुटलं होतं आणि ते नवीन ओतून घ्यायला तू सांगलीच्या आमच्या ओतशाळेत आलास. मी तिथं फर्मे करतो. जी वस्तू ओतायची तिचा आधी लाकडी नमुना करावा लागतो. त्याचा छाप वाळूत घ्यायचा आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. तो लाकडी नमुना म्हणजे फर्मा. तू माझ्या टेबलावरचा शिवणीच्या लाकडाचा फर्मा उचललास, उलटापालटा करून बघितलास आणि म्हणालास, "हात चांगला हाय रं तुझा." ओळख ना पाळख, एकदम अरेतुरे. पुढच्याच रविवारी पुठ्ठ्याचा खोका काखेत मारून माझ्या दारात हजर झालास.

त्या खोक्यात म्हणे परदेशातलं विमान होतं. तुझ्या कुठल्याशा जुन्या साहेबानं दिलेलं. मी उघडून बघतो तर पांढऱ्या पातळ प्लास्टिकचा एक तक्ता, आणि विमानाचं डावं-उजवं अर्धं अंग त्यातून फुगून वर आलेलं. कागदाच्या पुडीत रेझिनचं नाक आणि चार इंजिनं. हे रेझिन म्हणजे काकवीसारखं दाट रसायन, त्यात दुसऱ्या बाटलीतले थेंब मिसळले की दगडासारखं घट्ट होणारं. अंग कापायचं, घासायचं, दोन अर्धी जोडायची आणि पुढं नाक बसवायचं, एवढाच तो उद्योग. "ह्ये आपन हितं सांगलीत करायचं," तू म्हणालास. मी विचारलं, कशासाठी. तू पानानं रंगलेले दात दाखवून नुसता हसलास.

तुझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमधलं ते यंत्र आठवलं की अजून माझं डोकं तडकतं. भोकं पाडलेली लाकडी पेटी, तिच्यावर माझा फर्मा. खाली लॉरीच्या ब्रेकची हवेची टाकी. त्या टाकीतली हवा काढायला सायकलचा पंप, त्याचा कातडी वायसर उलटा घातलेला, म्हणजे तो हवा भरायच्याऐवजी ओढणार. हे तुझं हवाईदलातलं ज्ञान. वहिनींना दोनशे वेळा पंप मारायला लावायचास आणि स्वतः शेगडीवर चौकटीत धरलेली प्लास्टिकची शीट पापडासारखी हलवत उभा राहायचास. शीट मऊ पडून लोंबायला लागली की "टाकीचा वाल सोड" म्हणून ओरडायचास आणि ती फर्म्यावर दाबायचास. टाकीनं हवा ओढली की शीट फर्म्याला जाऊन चिकटायची. चारातल्या तीन शीट फाटायच्या. दर फाटलेल्या शीटला तू इंग्रजीत एक शिवी द्यायचास, आणि वहिनी, ज्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, त्या म्हणायच्या, "आता पुना मारू काय पंप?" बहात्तरच्या दुष्काळात नळाला थेंब थेंब पाणी येत होतं तेव्हा तू नाकाच्या साच्याचं प्लास्टर भिजवायला घागर मागितलीस. वहिनींनी दिली नाही. त्या घरात थोडी अक्कल होती ती त्यांच्याकडंच.

अंगाचा फर्मा माझा होता. नकाशावरून मी तो दोन अर्ध्यांत केला, डावं आणि उजवं, चांगल्या जुन्या सागवानात. त्यावर ओढलेली शीट कापायच्या आधी कडेनं पेन्सिलीनं रेघ मारायची, आणि मग काचेवर पॉलिशपेपर चिकटवून, पाणी मारत, रेघेपर्यंत घासायचं. हे मी तुला शिकवलं. रेघ दिसली पाहिजे आणि रेघेच्या वर काही उरता कामा नये. माझ्या ओतशाळेतलं शिकाऊ पोर हे आठवड्यात शिकतं. तू रेघ खायचास. दर वेळी. रेघ दिसेनाशी होऊन वर आणखी अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, जाईपर्यंत घासत राहायचास, आणि मग तुझं विमान पुढून बघावं तर अंड्यासारखं उभट, बाजूनं बघावं तर दिवस भरत आलेल्या बाईसारखं. नाकाच्या वर आणि खाली जी पायरी पडायची तिच्यात तू भेगा बुजवायची रंगाऱ्याची लांबी लिंपायचास. "लांबी भरायला तुझं इमान म्हंजे काय दाराची चौकट हाय काय?" असं मी तुझ्याच भाषेत तुला विचारायचो.

तू म्हणायचास, "रेघेवर थांबलो तर नाक बसत न्हाई, गड्या."

मी म्हणायचो, नाक लहान आहे. रेझिन आकसतं. ओतलेली प्रत्येक वस्तू आकसते, मला कोण शिकवणार? वीस वर्षं मी तेच काम करतो.

"आसंल," तू म्हणायचास, आणि खाल्लेल्या रेघेच्या अंगाला नाक लावून माझ्यापुढं धरायचास. "पर बघ की. बसलं का न्हाई?"

मी एकदाही बसलं म्हणालो नाही. सात वर्षं, जवळपास दर रविवारी, तू विचारायचास आणि मी तोंड फिरवून चहाचा कप उचलायचो. मग ऊन उतरायला लागलं की मी उठायचो, कारण आम्हा जैनांना दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं, आणि तू शेडच्या दारातून ओरडायचास, "भूपाल उतरतोय, धावपट्टी मोकळी करा." गल्लीतली माणसं हसायची. असल्या पाचकळ विनोदावर तू दहा वर्षं काढली असतीस.

आणि तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. तुला ही विमानं खोक्यात भरून लोकांना द्यायची हौस आली. पुण्यातले दोघंतिघं तुझ्यासारखेच रिकामटेकडे, एक तासगावचा द्राक्षबागाईतदार, त्यांना तू पार्सलं करायचास. आत दोन शीट, पुडीत नाक आणि इंजिनं, आणि सायक्लोस्टाइल केलेला एक कागद. त्यात तिसऱ्या ओळीत लिहिलेलं, "रेघेच्या आत अर्धा सूत घासावे." तो कागद वाचून मी हसलो की नाही तुला आठवत असेल. स्वतःची खोड तू नियम म्हणून छापलीस. त्या तासगावकरानं विमान करून बेदाण्याच्या शेडमध्ये टांगलं आणि तुला पत्र पाठवलं, की फार सुरेख झालं, फक्त जरा गरोदर दिसतं. ते पत्र मी तुझ्याकडून मागून घेतलं आणि ओतशाळेत सगळ्यांना वाचून दाखवलं.

मग ते प्रदर्शन. एका शाळेच्या हॉलमध्ये छंदांचं प्रदर्शन भरलं होतं. तिकिटं, काड्यापेटीचे बंगले, भरतकाम, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर तुझं चार इंजिनांचं जेट. खिडक्या एकेक करून रंगवलेल्या, शेपटीवर लाल पट्टा. पुण्याहून तुझा तो जुना साहेब मुद्दाम आला होता. तू इस्त्रीचा बुशशर्ट घालून, एनसीसीतल्या पोरासारखा छाती काढून उभा होतास. साहेब वाकून बघत होते, आणि मी मधे गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी विमानाच्या नाकाखाली बोट ठेवलं आणि म्हणालो, "हे बघा, इथं. फर्मा माझा बिनचूक आहे, पण यांना सरळ घासता येत नाही. रेघ खातात." वहिनी शेजारी उभ्या होत्या. आजूबाजूची चार माणसं हसली.

तू काय म्हणालास ते मी विसरलो नव्हतो, पण त्याचा अर्थ मला लागला नव्हता. तू म्हणालास, "खरं हाय सायब. ह्यो म्हनतोय ते खरं हाय. माझा हातच तसला हाय." आणि हसलास. मला त्या दिवशी तुझी कीव आली. बायकोसमोर, साहेबासमोर जो माणूस स्वतःची अशी शोभा करून घेतो त्याला काय म्हणावं, असं मनात आलं. सायकलवरून घरी जाताना मी खूश होतो, हे कबूल करतो.

तेराव्याच्या दुपारी, पंगती उठल्यावर, वहिनींनी मला बाजूला बोलावलं. शेडची किल्ली माझ्या हातात ठेवली. "भावजी, एक इमान आर्धं ऱ्हायलंय. महिन्याच्या आत तेवढं पुरं करा. फोटूजवळ ठिवायचं हाय." मी म्हटलं, करतो. त्या म्हणाल्या, "त्येंच्यागतच करा बरं का." मी मान हलवली, आणि सातारच्या एसटीत बसलो तेव्हापासून मनात एकच घोळवत होतो, की त्याच्यागत कशाला. यावेळी नीट करतो. मेल्यावर का होईना, पण सर्जेरावाच्या फोटोपुढं एक तरी सरळ विमान असू दे, आणि ते बघून त्याला कळू दे की सात वर्षं मी काय सांगत होतो.

शेडमध्ये सगळं होतं तसंच होतं. पंप, टाकी, शेगडीवर चिकटलेल्या प्लास्टिकचा काळा डाग. टेबलावर दोन अर्धी अंगं, कापलेली, घासायची राहिलेली, माझ्या शिकवणुकीप्रमाणं पेन्सिलीची रेघ मारलेली. नाक पुडीत. मी दोन रविवार घासलं. पाणी मारत, आठ आठ हात फिरवून, उलटं धरून, उजेडाला लावून. इतकं सरळ मी ओतशाळेतही कधी घासलं नसेल. रेघ केसासारखी उरली, चहूकडून सारखी. दोन्ही अर्धी चिकटपट्टीनं जोडली, पुढून बघितलं आणि मला बरं वाटलं. पुढून बघता बांगडीसारखं गोल. सात वर्षांत पहिल्यांदा. मी मोठ्यानं म्हणालो, "बघ सर्ज्या." मग नाक लावलं.

नाक बसलं नाही. अंग मोठं आणि नाक लहान, आणि मधे चहूबाजूंनी पायरी. ठीक आहे, मी म्हणतच होतो की, रेझिन आकसतं. पण सर्जा, ती पायरी सगळीकडं सारखी होती आणि ती पायरी मी ओळखत होतो. दीड इंचाचं नाक आकसलं तर केसभर आकसेल. ही पायरी अर्धा सूत होती. मी कॅलिपर घेऊन तुझं नाक नकाशाशी ताडून मोजलं. तंतोतंत. मग कपाटातून माझा फर्मा काढला आणि तो मोजला.

ओतशाळेत आम्ही फर्मा कधी नेमका करत नाही. ओतलेली वस्तू पुढं लेथवर जाते, तिथं तिचा वरचा थर कातून निघतो, म्हणून फर्म्याला सगळीकडून अर्धा सूत जादा माल ठेवायचा असतो. विचार करून ठेवावा लागत नाही, माझा हातच ठेवतो. तुझ्या विमानाला कुठला लेथ? शीटची जाडी मी नकाशातून वजा केली होती, तेवढी अक्कल मला होती, आणि मग पटाशी हातात घेऊन वीस वर्षांच्या सवयीनं मी वर अर्धा सूत ठेवून दिला. नंतर मोजला नाही. फर्मा मी केलाय म्हटल्यावर मोजायचा कशाला?

फर्मा उलटा केला तर तळाला तुझं अक्षर होतं, दलातल्या नोंदीसारखं ठळक. "अर्धा सूत जादा. तसाच ठेवणे."

मी किल्ली खिशात टाकून वहिनींकडं गेलो. त्या सांगलीला परतल्या होत्या, स्वयंपाकघरात भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांना विचारलं, सर्जेरावाला हे कधी कळलं. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "पयल्या इमानालाच की. मला म्हनले, फर्मा मोटा झालाय, पर भूपाला बोलू नगंस. ओतशाळेत त्याचं नाव हाय, त्याच्या हाताला कवा कुनी चूक काडली न्हाई. आपुन रेघ खाऊ, त्यात काय जातंय." निवडलेली भाजी त्यांनी पातेल्यात टाकली. मग म्हणाल्या, "त्या परदर्शनातनं आल्यावर मी लय भांडले. म्हटलं, चार मानसांत तुमाला आसं बोलला, आता तरी सांगा. तर हसले. म्हनले, सांगितलं तर त्यो पुना हितं यायचा न्हाई, आन् मग ऐतवारी मी भांडू कुनासंगं?"

मला वाटलं होतं तुझ्याबद्दलचा माझा राग संपला. नाही संपला. उलट वाढला. तुला काय अधिकार होता रे माझी लाज राखायचा? मी तुझ्याकडं मागितली होती का? एकदा, एका रविवारी, चहा पिता पिता म्हणायचं होतंस, भूपाल, तुझा फर्मा चुकला. मी भडकलो असतो, महिनाभर आलो नसतो, मग नवा फर्मा काखेत मारून आलो असतो. मी आलो असतो, सर्जा. एवढंही तुला ओळखता आलं नाही. त्यापेक्षा तू स्वतः अडाणी ठरायचं पसंत केलंस, कागदावर आपली खोड म्हणून माझी चूक छापलीस, साहेबासमोर मान डोलावलीस. आणि आता मी कुणाची माफी मागायची? त्या पुढाऱ्याची? तुझा हा मोठेपणा मला पटलेला नाही. तुझ्या सगळ्या गाढवपणात मोठा गाढवपणा हाच, आणि मी त्याच्या लायकीचा नव्हतो हे मला आता कळून काय उपयोग.

नवा फर्मा करायचं मनात आलं. सागवान काढलंही. पण वहिनींनी सांगितलं होतं, त्येंच्यागतच करा.

काल दुपारी मी परत शेडमध्ये जाऊन बसलो. चिकटपट्टी सोडवली, दोन्ही अर्धी काचेवर ठेवली, पाणी मारलं आणि घासायला लागलो. रेघेशी हात आपोआप थांबला. दोन वेळा थांबला. तिसऱ्यांदा मी पुढं ढकलला आणि रेघ खाल्ली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. अर्धा सूत, दोन्ही अंगांना. सोपं नाही ते. समोर रेघ नसताना कडा कुठंही उतरते, आणि तू ती दर वेळी सरळ उतरवत होतास, हेही मी कधी बघितलं नव्हतं. माझी दोनदा वाकडी झाली.

मग जोडलं. पुढून उभट, बाजूनं पोट आलेलं, तुझ्या बाकीच्या सगळ्या विमानांसारखं. वर-खाली लांबी भरावी लागली, ती भरली. डाव्या-उजव्या बाजूला नाकाला बोट लावून बघितलं तर कुठं अडलं नाही. शेडमध्ये कुणी नव्हतं. तू विचारायचास तेवढा वेळ मी वाट बघितली.

व्हय, गड्या. बसलं.